विष अस्सल आहे का, एवढंच आपण तपासतो

मी कृषी खात्यात कीटकनाशक निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर नागपुरात मानेवाड्याला राहतो, पण नोकरीची वर्षं विदर्भातल्या कृषी केंद्रांच्या गोदामांत गेली. तिथला वास कपड्यांतून जायचा नाही. बायको माझे शर्ट वेगळे धुवायची.

नमुना घेण्याची रीत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचं कलम २२ सांगतं की निरीक्षकाने दुकानातून नमुना घ्यावा आणि त्याचे तीन भाग करावेत. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी राखून. पंच, पंचनामा, सुतळी, लाख, सील. विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर समोरच्याने २८ दिवसांत तसं कळवायचं, मग राखलेला भाग फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे जातो आणि तिथला निकाल शेवटचा. एवढं होईस्तोवर त्या खेपेतल्या बाकी बाटल्या विकल्या जातात, फवारल्या जातात आणि पऱ्हाटीला बोंडंही लागतात. पण उशिराची रडगाणी सगळ्याच खात्यांत असतात, तो माझा मुद्दा नाही.

माझा मुद्दा तपासलं काय जातं हा आहे. बाटलीवर ३६ टक्के लिहिलं असेल तर आत ३६ टक्के आहे की नाही, हे तपासतात. कमी निघालं की सॅम्पल फेल. मग नोटीस, खटला. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास हजारांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. पूर्ण भरलं की सॅम्पल पास, फाइल बंद. शेतकऱ्याने पैसे मोजलेत तर अळी मरावी, याची ही काळजी आहे आणि ती घ्यायलाच हवी. बोगस औषधाने बुडालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. पण पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या रक्तात काय गेलं, ज्या विहिरीच्या काठावर पंप भरला तिच्या पाण्यात काय उतरलं, याचा नमुना घे असं मला नोकरीत कधी कोणी सांगितलं नाही. तशी तरतूद माझ्या कामाच्या यादीत नव्हती. विष अस्सल असल्याची खात्री करायला सरकारने मला पगार दिला. २०१७ साली यवतमाळला ज्या औषधांनी माणसं गेली ती भेसळीची असती तर कदाचित थोडी वाचली असती, हा विचार डोक्यात आला तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

२०१७ वाचकांना आठवत असेल, तरी थोडं सांगतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. शेकडो माणसं तिथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. कोणाची नजर गेली, कोणी इतकं बरळू लागलं की खाटेला बांधून ठेवावं लागलं. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी तेव्हा गावोगाव फिरून जे लिहिलं, ते आजही ‘परी’ या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. वाचून घ्या.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बीटी कापूस आला २००२ मध्ये, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये, आणि दहा-बारा वर्षांत गुलाबी बोंडअळी त्या दोघांनाही जुमानेनाशी झाली. जोडीला तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी. पावसाने दडी मारली, उघडीप पडली, हवा दमट आणि ऊन भाजणारं. गुडघ्याएवढ्या पिकात नोझल खाली धरून चालता येतं. सहा फुटी पिकात ते डोक्याच्या वर धरावं लागतं आणि फवाऱ्याचा ढग पुन्हा आपल्याच अंगावर बसतो. त्यात बॅटरीवरचे चायना पंप आलेले. हाताचा दट्ट्या गेला, थेंब बारीक झाला, पंप लवकर रिकामा होऊ लागला. मजुराला पैसे पंपामागे मिळतात, म्हणून दिवसाला पंप वाढले. पाणी तेवढंच, औषधं तीन-तीन, चार-चार एकत्र, वर एखादं टॉनिक. मापाला बाटलीचं टोपण. ओल्या शर्टाने माणूस सकाळपासून दुपारपर्यंत त्यात.

डॉक्टरांची वेगळीच पंचाईत होती. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली रसायनं. त्यांच्यासाठी ॲट्रोपिन आहे, पाम आहे, आणि बाधा किती झाली हे पाहायला रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी आहे. यवतमाळच्या महाविद्यालयात त्या वेळी ती तपासणी होत नव्हती. डायफेनथ्युरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड ही त्या कुळातली नाहीत आणि त्यांना ठरलेला उतारा नाही. लक्षणं दिसतील तसा उपचार, एवढंच हातात. आणि रुग्ण येतो तो चार औषधांच्या मिश्रणात भिजून, बाटली शेतातच पडलेली, सोबतच्याला नाव ठाऊक नाही. ‘निळ्या झाकणाचं होतं,’ असं कोणी सांगितलं तर डॉक्टरने काय करावं?

सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. पथकाच्या अहवालाचं बोट मुख्यतः फवारणाऱ्यांकडे वळलं. जास्त मात्रा वापरली, औषधं मिसळली, संरक्षक कपडे घातले नाहीत. पुढच्या हंगामात किटवाटपाचे फोटो छापून आले. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पांढरा झगा, घालणारा मजूर आणि देणारे साहेब.

किटविषयी मला इथं जरा थांबायचं आहे. नागपूर जिल्ह्यात, वर्धा जिल्ह्यात मी पुष्कळांना किट घालून पाहायला लावलं आहे. सप्टेंबरमधली हिंगणघाटची दुपार ज्याने अंगावर घेतली आहे त्याला सांगायला नको. प्लास्टिकच्या झग्यात पाच मिनिटांत घामाच्या धारा लागतात, चष्म्यावर वाफ धरते, समोरची ओळ दिसत नाही. घाम आणि रसायन कातडीला चिकटून बसतं. पाठीवर पंधरा लिटरचा पंप. एक सालदार मला म्हणाला होता, ‘‘साहेब, हे घालून मी उकडून मरीन, नाही घातलं त औषधानं. तुमीच सांगा, कोनतं बरं?’’ मी सरकारी माणूस, माझ्याकडे परिपत्रक होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या परिपत्रकात नव्हतं.

ते उत्तर दुसरीकडे लिहून ठेवलेलं आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघांची मिळून कीटकनाशक हाताळणीची एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. तिच्या ३.६ या कलमाचा आशय असा, की ज्या कीटकनाशकासाठी लागणारी संरक्षक साधनं त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी आहेत, ते कीटकनाशक टाळावं, आणि उष्ण प्रदेशातले छोटे शेतकरी व शेतमजूर यांच्या बाबतीत तर विशेष करून टाळावं. म्हणजे विदर्भाचं वर्णन केल्यासारखंच आहे. भारत या दोन्ही संघटनांचा सदस्य आहे. किट न घालता वापरता येत नसेल तर त्या बाटलीची या हवामानात नोंदणीच होऊ नये, असा त्याचा साधा अर्थ. आपण तो उलटा केला. बाटली राहिली, माणसाने बदलावं.

आता कायद्याकडे. आपला १९६८ चा कायदाही मृत्यूंमधूनच आला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन, म्हणजे आपल्याकडे फॉलिडॉल म्हणून माहीत असलेलं औषध, वाहतुकीत पिठात मिसळलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर न्यायमूर्ती शाह यांचा आयोग बसला आणि दहा वर्षांनी कायदा झाला. १९७१ चे नियम आजही वाचण्याजोगे आहेत. कामगारांची वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार, संरक्षक कपडे, उत्पादकाने उताऱ्याची औषधं पुरेशी ठेवणं, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, सगळं त्यात आहे. हे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कारखाना होता, गोदाम होतं, फवारणीचा ठेकेदार होता. दुसऱ्याच्या शेतात पंपामागे पैसे घेऊन फवारणारा मजूर नव्हता. त्याला ना मालकाचं हजेरीपत्रक, ना ठेकेदाराचा परवाना.

नोंदणी एकदा मिळाली की तिला मुदत नाही. युरोपात परवानगी साधारण दहा-पंधरा वर्षांची असते, मग कंपनीने नवा पुरावा घेऊन पुन्हा दारात उभं राहायचं. आपल्याकडे सत्तरच्या दशकात नोंदलेलं रसायन आज तसंच विकता येतं, जोवर सरकार स्वतः उठून ते काढत नाही. आणि सरकार उठतं कसं, ते पाहा. बाहेर बंद पण आपल्याकडे चालू अशा ६६ रसायनांचा आढावा घ्यायला २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली. २०१५ मध्ये अहवाल आला. २०१८ मध्ये १८ वर बंदीचा आदेश निघाला, त्यातल्या सहांना २०२० अखेरपर्यंत मुदत. मग मे २०२० मध्ये आणखी २७ रसायनांच्या बंदीचा मसुदा निघाला, त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, असिफेट होतं. उद्योगाने हरकती घेतल्या, पुन्हा समिती बसली, आणि २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण टप्प्याने जायचं ठरलं. काहींची पिकं कमी केली. बाकीची राहिली.

मोनोक्रोटोफॉसचं नाव घेतलं म्हणून सांगतो. २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याला मनाई झाली. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणातून ते २३ मुलांच्या पोटात गेलं आणि ती मुलं दगावली. तरी कापसावर ते चालू राहिलं. २०१७ मध्ये यवतमाळला ते होतंच. लाल त्रिकोणाची ती बाटली कोणत्या पिकासाठी नेतो हे दुकानदार विचारत नसे, आणि विचारलं तरी शेतकरी कापूसच म्हणायचा. वांगीही त्याच धुऱ्यावर असायची.

राज्य सरकारच्या हातात किती आहे? नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्राने यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री थांबवली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण, असिफेट, डायफेनथ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस. किती दिवसांसाठी? साठ. कलम २७ राज्याला तेवढीच मुभा देतं, फार तर वर आणखी तीस दिवस. शेती हा राज्याचा विषय, मजूर राज्याचा, दवाखाना राज्याचा, पण विषाची नोंदणी दिल्लीची. नोव्हेंबरात बंदी आली तेव्हा फवारणी उरकत आली होती. पुढच्या मृगाला त्याच बाटल्या त्याच फळीवर.

याच कलम २७ चा दुसरा एक वापर पंजाबमध्ये पाहायला मिळतो आणि तो मला सगळ्यांत जास्त बोचतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पंजाब सरकारने बासमतीवर दहा औषधांना ६० दिवसांची मनाई केली. त्यात असिफेट आहे, प्रोफेनोफॉस आहे. कारण सरळ आहे. युरोपचा गिऱ्हाईक तांदळातला अंश मोजतो, मर्यादेपेक्षा जास्त निघाला की माल परत. मनाई ऐन हंगामात, पीक कापणीला यायच्या आधी, मोजून-मापून केली. एकच कलम आणि त्यातली दोन औषधंही तीच. तिथं दाणा वाचवायचा होता म्हणून वेळेवर वापरलं, इथं माणसं गेल्यावर.

कापसाला असा गिऱ्हाईक नाही. कापूस कोणी खात नाही, म्हणून त्यातला अंश कोणी मोजत नाही, आणि कीटकनाशक मारायला ते सगळ्यांत बिनधोक पीक ठरतं. खरंच कोणी खात नाही का? सरकीचं तेल फरसाणात जातं. ढेप गाईम्हशींना जाते, त्यांचं दूध इतवारीपासून धंतोलीपर्यंत प्रत्येक घरात चहात पडतं. मला नागपूरच्या वाचकाला घाबरवायचं नाही, पण ‘हा यवतमाळचा प्रश्न’ असं म्हणून वर्तमानपत्राचं पान उलटता येणार नाही, एवढं लक्षात असू द्यावं. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, शहरात पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था नीरी आहे. कापूस, संत्री आणि पाणी, तिन्हींची देशातली मोठी माणसं याच शहरात डबा खातात. ती एका टेबलाशी बसून काटोल-नरखेडच्या विहिरींत खरिपानंतर काय काय उतरतं याचं वर्षावर्षाचं मोजमाप लोकांसमोर ठेवू शकतात. संत्र्यावरची कोळशी असो की कापसावरची अळी, सगळ्याचा पंप भरला जातो तो विहिरीच्याच थारोळ्याशी. तिथंच नोझल धुतात, तिथंच हात. रिकाम्या बाटल्या फोडून पुराव्यात असं नियम म्हणतो. प्रत्यक्षात त्या नाल्यात तरंगतात किंवा बंड्यांच्या मागे तेलपाण्याला बांधलेल्या दिसतात.

स्वित्झर्लंडची गोष्ट इथं सांगायला हवी. डायफेनथ्युरॉन त्या देशात २००९ पासून बंद. पण ते बनवून बाहेर पाठवायला मोकळीक. ‘पब्लिक आय’ या तिथल्याच संस्थेने कागदपत्रं काढून दाखवलं की २०१७ मध्ये एकट्या भारताकडे ७५ टन गेलं. २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधितांच्या वतीने तिथल्या सरकारी यंत्रणेकडे ते औषध बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार झाली. दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी बाझेलच्या न्यायालयात दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. आपल्या औषधामुळे हे झालं असं सिद्ध होत नाही, हे तिचं म्हणणं. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली, त्यात डायफेनथ्युरॉन आहे. यवतमाळच्या बाईला दाद मागायला आल्प्सच्या पायथ्याशी जावं लागतं, कारण आपल्या कीटकनाशक कायद्यात बाधिताच्या भरपाईचं कलमच नाही. राज्य सरकारने तेव्हा मृतांच्या वारसांना पैसे दिले ते मदत म्हणून. कंपनीच्या खिशातून कायद्याने काढलेले नव्हेत.

त्याच २०१७ च्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, बोंडअळीची मदत जाहीर झाली होती. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि ओलिताला ३७,५०० रुपये. त्यात विम्याचे आणि बियाणे कंपन्यांकडून वसूल करायचे पैसेही धरले होते. म्हणजे पीक बुडालं तर बियाणे कंपनीवर बोट ठेवायची कल्पना आपल्याला सुचते. माणूस बुडाला की किट का घातलं नाही हे विचारतो.

माझ्या ओळखीचे कृषी केंद्रवाले मला म्हणतील, साहेब, तुम्ही आता शेतकऱ्याला अळीच्या तोंडी देता. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. शेतकरी दुकानात येतो तो घाबरलेला असतो, खिसा रिकामा असतो, उधारीवर नेतो. ज्याच्याकडे उधारी त्याचंच ऐकतो. केंद्रवाल्याला आता शेतकीची पदवी किंवा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम लागतो, चांगलं आहे. पण पदविका घेऊनही त्याच्या फळीवर कंपनीने ज्याची स्कीम लावली तेच पुढे येणार. बाटलीसोबतचं पत्रक अनेक भाषांत असतं, म्हणून प्रत्येक भाषेच्या वाट्याला मुंगीएवढी अक्षरं. मी ते भिंगाशिवाय कधी वाचू शकलो नाही, आणि वाचणं हा माझा धंदा होता.

आणि सेंद्रियवाल्यांचंही सगळं मला पटत नाही. एका रात्रीत विष बंद करा म्हणणारे बहुधा पगारावर जगतात. तरी यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, किंवा वर्ध्याची धरामित्र ही संस्था, यांनी विदर्भाच्याच मातीत कमी विषाने किंवा विषाशिवाय शेती करून दाखवली आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या उपटून टाकणं, डिसेंबरनंतर फरदड न घेणं, ही काही क्रांती नाही. कापूस संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगतात. सुरुवातीच्या फवारण्यांनी ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकिडे मेले की मागाहून पांढरी माशी मोकाट सुटते, हे कुठल्याही जुन्या कृषी सहायकाला विचारा. पण निंबोळी अर्कावर स्कीम नसते.

ड्रोनचंही कौतुक चाललं आहे. मजूर ढगातून बाहेर निघाला हे चांगलंच. पण ड्रोनच्या टाकीत दहा लिटर पाणी, म्हणून औषध दाट. वाऱ्याने ते शेजारच्या विहिरीवर गेलं तर कोणाला पकडायचं, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. धुऱ्याची भांडणं आमच्याकडे तशीही कमी नाहीत.

बंदी घातली तर शेती बुडते का? श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससह सगळ्यांत जहाल ऑर्गॅनोफॉस्फेट बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फान. पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. जहाल औषध हाताशी नव्हतं म्हणून माणसं वाचली. पिकांचं उत्पादन त्यामुळे घसरलं नाही, हेही तिथल्या अभ्यासकांनी तपासून पाहिलं. विदर्भात ही माहिती ज्याला नुसती माहिती वाटेल त्याला मी काही सांगू शकत नाही.

नवा कायदा येणार असं मी नोकरीत असल्यापासून ऐकतो आहे. २००८ चं विधेयक झालं, २०१७ चा मसुदा झाला, मार्च २०२० मध्ये राज्यसभेत पुन्हा विधेयक आलं, ते स्थायी समितीकडे गेलं. नव्या कायद्यात नोंदणीला मुदत हवी, राज्यांना कायमच्या बंदीचा अधिकार हवा, बाधिताला उत्पादकाकडून भरपाई हवी आणि आचारसंहितेतलं ३.६ चं तत्त्व नोंदणी समितीच्या निकषांत हवं. विदर्भाच्या खासदारांनी हे चार शब्द दिल्लीत बोलावेत. तिथं किती चालतं ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याची वाट पाहायला सांगणार नाही.

राज्याच्या हातातलं आधी करावं. ऑगस्ट ते ऑक्टोबर कापूसपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कोलिनेस्टरेज तपासणी आणि ॲट्रोपिनचा साठा हवा. जिथं उपचार झेपत नाही तिथून रुग्ण नागपूरच्या मेडिकलला येतो, तो इथं पोहोचेस्तोवर तास निघून गेलेले असतात. कंपन्यांना परवाने देताना त्यांच्याकडून या तपासणीचा खर्च का मागू नये? आणि जुन्याच कायद्यात कलम २६ आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचं बंधन राज्य सरकार कोणावरही घालू शकतं. ते डॉक्टरांवर घाला, दुकानदारांवर घाला, माझ्या जागी आज जो निरीक्षक आहे त्याच्यावरही घाला. नमुन्याच्या नोंदवहीशेजारी त्याने दुसरी वही ठेवावी. कोणत्या गावात, कोणत्या पिकात, कोणत्या कंपनीच्या कोणत्या औषधाने, मालक होता की मजूर. ती वही हंगामात दर पंधरवड्याला जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा, औषधाच्या नावासकट. कंपन्या पहिल्याच पंधरवड्यात न्यायालयात धावतील. धावू द्या, तिथं त्यांना त्या औषधाविषयी शपथेवर बोलावं लागेल.